प्रसूती कक्षातली सिस्टर तिथेच राहू द्या

प्रति,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य
तसेच रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचे मा. जिल्हा शल्यचिकित्सक

विषय : कोकणातल्या सरकारी रुग्णालयांत प्रसूती कक्षातील परिचारिकांची वॉर्डबदली थांबवणे व प्रशिक्षित मिडवाइफची पदे निर्माण करणे

महोदय,

सप्रेम नमस्कार.

सिंधुदुर्ग आणि दक्षिण रत्नागिरीतल्या सरकारी रुग्णालयांत माझी सगळी नोकरी झाली. अधिपरिचारिका म्हणून लागले, परिसेविका, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, म्हणून निवृत्त झाले, आणि यातला मोठा काळ लेबर रूममध्ये गेला. आज त्या खोलीत ज्या मुली उभ्या आहेत त्या नोकरीत आहेत, त्यांना उघडपणे असं काही लिहिता येत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

मागणी आधीच सांगते. बाळंतपणाचं काम शिकलेल्या परिचारिकेला प्रसूती कक्षातून हलवू नका. आणि केंद्र सरकारने 2018 साली मार्गदर्शक सूचना काढून ज्या मिडवाइफ-परिचारिकेची, म्हणजे सरळ बाळंतपण स्वतः पार पाडायला खास शिकलेल्या परिचारिकेची, आखणी केली, तिचं पद आमच्या उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत भरा.

आज काय होतं ते पाहा. एखादी मुलगी जीएनएमची नर्सिंग पदविका किंवा बीएस्सी नर्सिंग करून येते, लेबर रूमला लागते. सुरुवातीला तिचे हात थरथरतात. मग 21 दिवसांचं एसबीए, म्हणजे कुशल प्रसूती-सहायिकेचं, प्रशिक्षण होतं. बाळ रडलं नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत अंबू बॅगने, म्हणजे हाताने दाबायच्या फुग्याने, श्वास कसा द्यायचा, हे बाहुलीवर करून करून तिच्या हातात बसतं. पोटावर नुसता तळहात ठेवून ती कळ मोजायला लागते. दारातून चालत आलेली बाई पाहून हिला अजून वेळ आहे की लगेच आत घ्यायला हवं, याचा अंदाज तिला येऊ लागतो. आणि नेमकी तेव्हा ड्युटीची यादी बदलते. ती पुरुष वॉर्डात जाते, नाहीतर ओपीडीत, नाहीतर मोतीबिंदूच्या शिबिराला. तिच्या जागी जी येते तिने कदाचित कित्येक महिन्यांत एकही बाळंतपण केलेलं नसतं. दोष तिचाही नाही. पण टेबलावरच्या बाईला ते सांगून काय उपयोग?

याला कारण दिलं जातं की सगळ्यांना सगळं काम यायला हवं. भूलतज्ज्ञाला आपण तीन महिने त्वचारोगाच्या ओपीडीत बसवत नाही. तेव्हा कौशल्य जपायला हवं हे आपल्याला मान्य आहे, परिचारिकेचं कौशल्य तेवढं त्यात मोजलं जात नाही. प्रसूती कक्ष सुधारण्याचा केंद्राचा ‘लक्ष्य’ कार्यक्रम 2017 च्या डिसेंबरात सुरू झाला. त्याच्या सूचनांमध्येही प्रसूती कक्षातल्या प्रशिक्षित परिचारिकांना इतर वॉर्डांत फिरवू नये असंच सांगितलं आहे. म्हणजे मी नवीन काहीच मागत नाही. मान्य झालेलं अमलात आणा, एवढंच म्हणते आहे.

आणि खरं सांगायचं तर कित्येक मुलींना स्वतःलाच लेबर रूम नको असते. ड्युटी जड, रात्री मोठ्या, भत्ता एका पैशाचा जास्त नाही आणि काही वाईट घडलं तर पहिलं बोट सिस्टरकडे. तेव्हा नुसता ‘बदली नाही’ असा आदेश काढलात तर ती त्यांना शिक्षा वाटेल. म्हणून पद हवं, त्या पदाला वेगळी वेतनश्रेणी किंवा निदान भत्ता हवा, आणि तिचे अधिकार कागदावर हवेत.

लेबर रूममधलं परिचारिकेचं काम केसपेपरवर फारसं दिसत नाही. तिथे तारीख, वेळ, वजन, मुलगा की मुलगी एवढं असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलटकरीण येते, बहुतेक वेळा कळा नुकत्या सुरू झालेल्या असताना. बरोबर आई, मावशी, शेजारीण, रिक्षावाला. तपासून कळतं की पिशवीचं तोंड दोन बोटंच उघडलंय. इथून पुढचे तास हे मुख्यतः वाट पाहण्याचे असतात आणि ही वाट पाहणं हेच अवघड काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये स्पष्ट केलं की कळांचा सक्रिय टप्पा 5 सेंटिमीटरपासून धरावा. तासाला 1 सेंटिमीटर या वेगाने तोंड उघडत नाही, एवढ्यावरून बाळंतपणात हात घालू नये, हेही सांगितलं. पण बाहेर नातेवाईक घाईला आलेले असतात, “कायतरी करा हो सिस्टर.” डॉक्टर ओपीडीत शंभर रुग्णांत अडकलेले असतात. मग कळांचं सलाईन लावलं जातं. त्यातलं कळा वाढवणारं ऑक्सिटोसिन चांगलं औषध आहे, योग्य वेळी ते लागतंच. पण ते चालू असताना कोणीतरी बाईपाशी बसून राहावं लागतं. दहा मिनिटांत कळा किती, प्रत्येक किती सेकंदांची, दोन कळांच्या मध्ये पोट सैल पडतंय का. पडत नसेल तर बाळाला श्वास घ्यायला उसंत नाही. बाळाचे ठोके मिनिटाला 110 च्या खाली यायला लागतात, धावपळ होते, आणि ज्या बाईचं सरळ बाळंतपण झालं असतं तिला सिझरला न्यावं लागतं किंवा घाट चढून वर पाठवावं लागतं.

बसून राहायला माणूस नसतो म्हणून हे घडतं. एकच सिस्टर तीन बायका, प्रसूतिपश्चात वॉर्ड, लसीचा फ्रिज आणि ऑनलाइन नोंदी सांभाळते. अर्ध्या-अर्ध्या तासाने ठोके ऐकायचे, जोर लावायच्या टप्प्यात दर पाच मिनिटांनी, असं पुस्तकात आहे. प्रत्यक्षात पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपणाच्या प्रगतीचा तक्ता, बाळंतपण उरकल्यावर आठवून भरलेला मी पाहिला आहे. नाव कुठल्या रुग्णालयाचं घेत नाही, कारण हे एका ठिकाणचं दुखणं नाही.

ज्या सिस्टरला वेळ मिळतो आणि सराव असतो ती काय करते? ती बाईला उताणी झोपवून ठेवत नाही. व्हरांड्यात फिरायला लावते, नाहीतर डाव्या कुशीवर वळवते. घोटभर पेज देते. बाईचा धोका कमी असेल तर खाऊ-पिऊ द्यायला हरकत नाही, हे आता मान्य झालेलं आहे, तरी आमच्याकडे कळा सुरू झाल्या की पाणीसुद्धा तोडणारी मंडळी अजून आहेत. बाळाचं डोकं दिसायला लागलं की कोमट पाण्याचा बोळा खाली धरते, “आता जोर नको लावू गो, नुसता श्वास सोड” म्हणते, आणि हाताने डोकं हळूहळू येऊ देते. वाट मोठी करायला खालचा छेद सरसकट घ्यायचा नसतो. पोटावरून जोराने दाबायचं तर नसतंच. बाळ बाहेर आलं की आईच्या उघड्या छातीवर, नाळ लगेच कापायची नाही, निदान एक मिनिटाने कापायची. आईला मांडीत ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन, मग वार पडायची वाट. ती आली की पुरी आली का ते ताटात पसरून बघायचं.

यानंतरचे दोन तास मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. बाहेर पेढे वाटणं चालू असतं, सगळ्यांचं लक्ष बाळाकडे असतं आणि बाई एकटी पडते. वरून चादर कोरडी दिसते, खाली कमरेच्या पोकळीत रक्त साचत असतं. दर पंधरा मिनिटांनी बेंबीखाली हात घालून गर्भाशय घट्ट गोळ्यासारखं लागतंय का ते बघावं लागतं. मऊ लागलं तर तिथल्या तिथे चोळायचं, औषध द्यायचं, हाक मारायची. चांगली धडधाकट बाई रक्तस्रावाने दोन तासांत जाऊ शकते. या एका तपासणीला कुठलंही यंत्र लागत नाही. लागतो तो एक शिकलेला हात, आणि तो त्या खोलीत असावा लागतो.

आता कोकणाबद्दल. मुंबईत बसून आराखडा करताना अंतर किलोमीटरमध्ये मोजलं जातं. मंडणगडहून रत्नागिरी गाठायला गाडीने चारेक तास जातात. दोडामार्ग-सावंतवाडीची बाई बिघडली की आम्ही तिला बांबोळीला, गोव्याच्या मेडिकल कॉलेजला पाठवतो. लांजा-संगमेश्वरवाले आंबा घाटाने कोल्हापूरला निघतात, वैभववाडीवाले करूळने. जुलैत हे घाट कधी बंद होतील सांगता येत नाही. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, त्याच दिवसांत आंबा घाटात दरडी कोसळून रस्ता खचला. त्या आठवड्यात ज्या बायकांच्या कळा सुरू झाल्या त्यांच्यासाठी कोल्हापूर नव्हतंच. होती ती जवळच्या रुग्णालयातली सिस्टर आणि तिला जेवढं येत होतं तेवढं. ग्रामीण रुग्णालयात स्त्रीरोगतज्ज्ञ असले तर भूलतज्ज्ञ नसतात, दोघं असले तर रक्त नसतं, हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. अशा मुलखात धोका वेळेत ओळखणारा माणूस खाली असला तरच वर पाठवण्याला अर्थ राहतो. उशिरा ओळखलं की 108 ची गाडी दारात असूनही उपयोग होत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या चालीरीतीची. पहिलं बाळंतपण माहेरी. विरार-नालासोपाऱ्याला दिलेली मुलगी आठव्या महिन्यात गावी येते, तपासणीची फाइल दुसऱ्याच रुग्णालयाची, कधी अर्धी. आमच्या डॉक्टरांनी तिला आधी पाहिलेलं नसतं. जिची लेबर रूममधल्या सिस्टरशी दोन-तीनदा तरी गाठ पडलेली असते ती बाई वेगळी वागते. तिला ओरडावं लागत नाही, ती ऐकते. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ‘सतत एकच मिडवाइफ’ या पद्धतीचा, वैद्यकीय चाचण्या पडताळणाऱ्या कोक्रेन संस्थेने 2016 मध्ये 15 चाचण्यांतल्या 17 हजारांवर स्त्रियांचा आढावा घेतला. त्यात छेद कमी, चिमटा-व्हॅक्यूमने बाळ ओढून काढणं कमी, दिवस भरण्याआधीची बाळंतपणं कमी, आणि आई-बाळाला अपाय वाढलेला नाही, असं निघालं. त्या चाचण्या श्रीमंत देशांतल्या होत्या हे खरं, पण ओळखीच्या माणसाने धीर येतो हे कळायला परदेशी जावं लागत नाही.

आंब्याच्या मोसमातली एक रात्र सांगते. देवगड-राजापूरकडच्या बागांत नेपाळी राखणदार कुटुंबासह राहतात. त्यांच्यातली एक बाई आली. मराठी नाही, हिंदी चार शब्द. टेबलावर चढायलाच तयार होईना, खाली उकिडवी बसायला बघत होती. लेबर रूममध्ये मुरलेली आमची एक सिस्टर होती, मालवणच्या बाजूची. तिने जबरदस्ती केली नाही. जमिनीवर चटई, तिच्यावर स्वच्छ रबरी कापड घातलं, बाईला खाटेची लोखंडी दांडी धरू दिली आणि स्वतः प्लास्टिकचा एप्रन घालून समोर बुटक्या स्टुलावर बसली. दर कळेला त्या बाईच्या काचेच्या बांगड्या दांडीवर वाजत होत्या. सिस्टर तिच्याशी मालवणीत बोलत होती, “खंय दुखता गो? घाबरा नको, मी आसंय.” भाषा एकीची दुसरीला येत नव्हती, पण बाई तिच्या तोंडाकडे बघून श्वास घेत होती. मध्ये मध्ये ठोके ऐकणं, नोंद करणं चालूच होतं. पहाटे मुलगी झाली. एक टाका पडला नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत होते, हाकेसरशी आले असते, हाक मारायची वेळ आली नाही. पुढच्याच यादीत त्या सिस्टरची ड्युटी औषधभांडारात लागली. गोळ्यांचे खोके मोजायला.

हा हात सरकारनेच तयार केला होता, महोदय, सरकारच्याच पैशाने.

आपण म्हणाल, महाराष्ट्राचं चाललंय ते बरं आहे. आहेच. 2018-20 च्या नमुना नोंदणीनुसार देशाचा माता मृत्युदर लाख जिवंत जन्मांमागे 97 होता आणि आपला 33. याचं श्रेय गावोगावच्या आशा, एएनएम म्हणजे गावच्या नर्सबाई, डॉक्टर सगळ्यांना आहे. पण केरळ तेव्हा 19 वर होतं. बाईला रुग्णालयापर्यंत आणण्याचं काम आपण बऱ्यापैकी केलं. ती आल्यावर तिच्याजवळ कोण असतं, हा प्रश्न आता उरला आहे. दुसरीकडे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के बाळंतपणं सिझरने झालेली दिसली, सरकारीत 14.3 टक्के. सरकारी लेबर रूमवर विश्वास नसला की लोक खासगीकडे वळतात, मुंबईतल्या भावाकडून पैसे मागवतात, कर्ज काढतात. सगळीच सिझर अनावश्यक असतात असं मी अजिबात म्हणत नाही, कित्येक आया आणि बाळं त्यामुळेच वाचली आहेत. पण सरळ बाळंतपण शांतपणे पार पाडणारं माणूस जवळ आहे, एवढा भरवसा सरकारी दवाखान्याने द्यायला हवा.

विश्वास का उडतो, त्याबद्दलही स्पष्ट लिहायला हवं. लेबर रूममध्ये बायकांवर ओरडलं जातं. मांडीवर चापट मारली जाते, “तेव्हा बरं वाटलं, आता ओरडतेस” असले शब्द ऐकवले जातात. माझ्या व्यवसायातल्या बाया हे करतात, आणि कामाचा ताण हे त्याचं कारण असलं तरी समर्थन होऊ शकत नाही. बाळंतपणात बाईसोबत तिची एक सोबतीण ठेवायला केंद्राने 2016 मध्येच परवानगी दिली. आजही अनेक ठिकाणी आई बाहेर पायरीवर बसून असते. आत घरचं एक माणूस असलं की आवाज आपोआप खाली येतात, हे मी माझ्या वॉर्डात पाहिलं आहे. पडदे लावा, एक खुर्ची ठेवा, होऊन जाईल.

डॉक्टर मंडळींना विनंती आहे की त्यांनी यात अतिक्रमण पाहू नये. मिडवाइफ सरळ बाळंतपण बघते. रक्तदाब 160-110 ला गेला, बाळ आडवं आहे, बाळाभोवतीचं पाणी हिरवं आलं, रक्त थांबत नाही, बाईला झटके आले, की ती हाक मारणार आणि पहिले उपचार सुरू करणार. मात्र तिने हाक मारली की डॉक्टरांनी येऊन पाहिलंच पाहिजे, आणि हाक किती वाजता मारली, किती वाजता आले, हे रजिस्टरला नोंदलं गेलं पाहिजे. हे दोघांच्याही बचावाचं आहे.

1973 च्या कर्तारसिंग समितीनंतर गावच्या एएनएमला बहुउद्देशीय कार्यकर्ती केलं गेलं. कुटुंब नियोजन, लसीकरण, सर्वेक्षण, नोंदवह्या अशी कामं चढत गेली आणि बाळंतपण करणारी बाई बाळंतपणापासूनच दूर गेली. आता जी मिडवाइफ येईल तिचंही तसं होऊ नये, एवढी भीती मला आहे. 18 महिन्यांचं प्रशिक्षण देऊन तिला पुन्हा आकडे भरायला बसवलं तर सगळा खर्च वाया.

“तुमच्या रुग्णालयात महिन्याला बाळंतपणं होतात किती?” हा प्रश्न मला बैठकांत विचारला गेला आहे. कमी होतात, वस्ती विरळ आहे. पण म्हणूनच ती थोडी बाळंतपणं त्याच चार-पाच जणींच्या हातून झाली पाहिजेत. बारा जणींत वाटली तर एकीचाही हात तयार राहत नाही. आणि हात चालू राहावा म्हणून दर वर्षी काही आठवडे त्यांना गर्दीच्या रुग्णालयात पाठवा. रत्नागिरीला, कुडाळच्या महिला व बाल रुग्णालयात, ओरोसला, कोल्हापूरच्या सीपीआरला. तेलंगणाने 2017 पासून आपल्या परिचारिकांना निवडून मिडवाइफचं प्रशिक्षण द्यायला सुरुवात केली. दोन्ही जिल्ह्यांतून आवड असलेल्या मुली आपण निवडा, कंत्राटी असल्या तरी निवडा. आणि प्रशिक्षणाहून परत आल्यावर त्यांची नेमणूक प्रसूती कक्षातच राहील, असं आधी लेखी द्या. त्याशिवाय कोणी घर, मुलं सोडून दीड वर्ष जाणार नाही.

बदली थांबवण्याच्या आदेशाला मात्र ना निधी लागतो ना नवी पदं. तो जिल्हा शल्यचिकित्सकांच्या सहीने निघू शकतो. पावसाळ्याआधी निघाला तर बरं, कारण जून लागला की आमच्याकडे रस्त्यांचा भरवसा संपतो. नव्या मुलींना लेबर रूममध्ये हाताशी धरून शिकवायला कोणी हवं असेल तर माझ्यासारख्या निवृत्त परिसेविका दोन्ही जिल्ह्यांत आहेत. मला बोलावलंत तर रात्रपाळीलाही येईन. मानधनाची अपेक्षा नाही, येण्या-जाण्याला एसटी आहे.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका
सिंधुदुर्ग